आधी धार राखायला शिका

जे. पी. नगर, जयनगर, बनशंकरी या भागांत राहणाऱ्या मराठी घरांसाठी हे लिहिले आहे. घरातल्या कुणाला वस्तऱ्याने दाढी करायची हौस लागली असेल आणि आता त्याला स्वतः धार लावायचे मनात असेल, तर दगड विकत घेण्याआधी एवढे वाचा.

हौस चांगली आहे. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, पुणे इथून बेंगळुरूला येताना अनेक घरांनी आजोबांची पेटी सोबत आणली. तिच्यात कधी कधी एखादा वस्तरा निघतो. त्याच्यावर जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असतो. पोलाद शाबूत असेल तर तो आजही उत्तम दाढी करतो. कार्ट्रिजचा दरमहाचा खर्च वाचतो. प्लास्टिकचा कचराही होत नाही.

पण नवशिके बहुतेक वेळा एक घाई करतात. पहिल्याच आठवड्यात ते दगड मागवतात. पाते घासतात, दाढी करतात. दाढी ओढते, गाल सोलतो. मग पुन्हा घासतात. चूक दगडाची, पट्ट्याची की चेहऱ्यावर वस्तरा धरण्याची, हेच त्यांना कळत नाही. कारण खरी धार गालाला कशी लागते, हे त्यांनी अजून अनुभवलेलेच नसते.

म्हणून माझे पहिले सांगणे. आधी जाणत्या हाताने धार लावलेला एक वस्तरा मिळवा. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, 'याला दाढीची धार लावली आहे का?' कारखान्यातून आलेल्या अनेक वस्तऱ्यांना ती नसते. कागद कापला म्हणजे दाढी होईल असेही नसते. अशा तयार वस्तऱ्याने दोन-तीन महिने दाढी करा. पट्ट्यावर हात बसू द्या. दगडाची पाळी त्यानंतर.

आजोबांचा वस्तरा तोवर बाजूला ठेवा. त्याच्यावर शिकू नका. शिकायला साधा, स्वस्त, पण पोलादी पाते असलेला दुसरा वस्तरा घ्या. चुकीच्या हाताने दगडावर घासून गेलेले पोलाद परत येत नाही.

बाजूला ठेवताना मात्र तो नीट तपासून ठेवा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. पाते मुठीतून पूर्ण उघडा आणि धार स्वतःपासून लांब धरा. धारेला बारीक तडा आहे का? असेल तर तो वस्तरा वापरायचा नाही. आठवण म्हणून ठेवा. तडा दगडाने जात नाही, वाढतो, आणि एखाद्या सकाळी तुकडा गालावरच निघतो.

पाठीवर किंवा मध्यावर गंजाचे डाग असतील तर चालतील. पण गंजाचे खड्डे थेट धारेवर असतील तर धार टिकणार नाही, भुगा होत राहील. पाठ एका बाजूने जास्त झिजून सपाट झाली असेल, तर आधीच्या कुणीतरी जोर लावून घासले आहे. असे पाते नवशिक्याचे नव्हे.

मुठीकडेही बघा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कालांतराने कुजतात. त्यातून निघणाऱ्या वाफेने पाते गंजते, शेजारी ठेवलेली दुसरी पातीही गंजतात. आंबूस, औषधी वास येत असेल किंवा मूठ भेगाळून चुरत असेल, तर तो वस्तरा इतरांपासून वेगळा ठेवा. मूठ हस्तिदंती वाटत असेल तर ती विकायच्या फंदात पडू नका. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. ऑनलाइन विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात.

आता काय करू नये ते ऐका. यात सर्वांत जास्त वस्तरे वाया जातात.

सायकलच्या चाकावर धार लावणारा गल्लीत येतो. त्याच्याकडे विळी द्या, सुरी द्या, कात्री द्या. वस्तरा देऊ नका. तो आपल्या कामात कच्चा आहे असे नाही. त्याचे चाक या कामाचे नाही. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की फिरत्या चाकावर ती क्षणात दोनशे अंशांपलीकडे तापते. पोलादाला दिलेले पाणी उतरते. धारेवर पिवळसर किंवा निळसर झाक दिसली की समजा, तेवढा भाग मऊ पडला. पुढे कितीही चांगल्या दगडावर घासा, त्या जागी धार टिकत नाही.

स्वयंपाकघरातले, सुरी ओढून धार लावायचे ते छोटे यंत्रही नको. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा-करडा दगडही नको. तो रंध्याच्या पात्याला, पटाशीला, कोयत्याला ठीक आहे. वस्तऱ्यासाठी तो फार खरबरीत आहे. दोन ओढींत धारेला दाते पडतात आणि ते काढायला तासन्‌तास जातात.

मग करायचे काय? पट्ट्यापासून सुरू करा.

चामड्याचा पट्टा ही रोजची गोष्ट आहे, दगड ही महिन्यांनी कधीतरी लागणारी. दाढी करताना धारेची अतिबारीक कड वाकते, डगमगते. पट्टा तिला सरळ करतो. पट्टा नीट फिरवणाऱ्याला दगडाची गरज फार उशिरा पडते. पट्टा वाईट फिरवणारा मात्र दगडावरून आलेली ताजी धारही एका मिनिटात घालवतो.

पट्टा भक्कम खुंटीला अडकवा. दुसऱ्या हाताने ताणून धरा. सैल सोडला की तो धारेच्या कडेला वेटाळतो आणि धार गोल होते. पाते सपाट टेकवा. पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी चामड्याला लागली पाहिजेत.

आता नीट लक्ष द्या. पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढायचे, धार मागे राहते. टोकाला पोचलात की पाते पाठीवरून पालटायचे, धारेवरून नव्हे. पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही. मग परत उलट्या दिशेने. धार पुढे करून ढकललात तर पट्टा कापला जाईल, धारही जाईल.

पहिले पंधरा दिवस सावकाश. अगदी सावकाश. सिनेमातल्या न्हाव्यासारखा सटासट आवाज काढायचा मोह होईल. तो टाळा. वेग आपोआप येतो. पट्ट्याला कापडी बाजू असेल तर आधी तिच्यावर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक. दाब नको, फक्त पाते चिकटून राहील एवढाच. दर दाढीआधी हे करायचे.

हिरवी पेस्ट किंवा हिरवी पॉलिश मिळते, क्रोमियम ऑक्साइडची. ती धार थोडी ताजी करते. पण रोजच्या पट्ट्याला ती लावू नका. एकदा लागली की निघत नाही. हवीच असेल तर वेगळा, छोटा पट्टा ठेवा.

पावसाळ्यात पट्टा बाहेरच्या भिंतीला टांगू नका. जून ते ऑक्टोबर इथल्या भिंती ओल धरतात आणि चामड्यावर बुरशी येते. आतल्या कोरड्या खोलीत ठेवा.

हे सगळे दोन-तीन महिने जमले आणि एके दिवशी पट्ट्यानंतरही दाढी ओढू लागली, तर आता दगडाकडे वळा.

दगड आकड्यांनी ओळखले जातात. आकडा लहान तितका दगड खरबरीत, मोठा तितका बारीक. पूर्ण बोथट पात्याला १०००पासून सुरुवात करावी लागते. मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, शेवटी १२०००. पण तुमचा वस्तरा आधी धारेचा होता आणि नुसता थकला आहे. त्याला १००० लागत नाही. शेवटचा बारीक दगड पुरतो. म्हणून नवशिक्याने एकच दगड घ्यायचा तर ८००० किंवा १२०००चा घ्यावा. चांगला दगड काही हजारांत जातो. घाईत चार घेण्यापेक्षा एक बरा घ्या.

जपानी बनावटीचे पाण्यावर चालणारे दगड नवशिक्याला सोपे. ते एकसारखे असतात, पुढच्या वेळी तसाच मिळतो. बेल्जियममधल्या आर्देन डोंगराळ भागातला पिवळा नैसर्गिक दगड फार नावाजलेला आहे, पण तो नंतर. नैसर्गिक दगडाचा प्रत्येक तुकडा वेगळा वागतो आणि त्याची किंमतही बरीच.

काही दगड दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवावे लागतात. काहींवर नुसते पाणी शिंपडले की झाले. सोबतचा कागद वाचा. न भिजवायचा दगड रात्रभर पाण्यात ठेवला तर तो तडकू शकतो.

दगड सपाट असला पाहिजे. यावर तडजोड नाही. नवा दगडही सपाट असतोच असे नाही. त्याच्यावर शिसपेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. जाड काचेवर पाण्याने चालणारा, साधारण ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, ओला करा, आणि त्यावर दगड फिरवा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. कोपऱ्यातल्या रेघा आधी गेल्या आणि मधल्या राहिल्या, तर मध्ये खोलगट आहे. पुन्हा रेघा मारा, पुन्हा फिरवा. काम झाले की दगड वाहत्या पाण्याखाली क्षणभर धरून कागदाचे कण धुऊन टाका. एक जरी खडबडीत कण राहिला तरी धारेला ओरखडा पडतो.

ही काच लागते म्हणून बरेच जण स्वयंपाकाच्या ग्रॅनाइट ओट्यावरच काम भागवतात. ओटा चकचकीत असतो, पण सपाट असेलच असे नाही. शिवाय पोलादाचा आणि दगडाचा भुगा जिथे पोळ्या लाटतो तिथे नको. घरातल्या बाईमाणसांना विचारलेत तर त्याही हेच सांगतील.

काच आणि पॉलिश पेपरसाठी लांब जावे लागत नाही. सरक्की बाजाराच्या आसपास मिळून जाईल. नाहीतर जयप्रकाश नगर स्थानकातून हिरव्या मार्गिकेची मेट्रो थेट कृष्णराजेंद्र मार्केटला नेते. तिथून एस. जे. पी. रोडवरची हत्यारांची दुकाने जवळ. फक्त वस्तरा नमुना म्हणून सोबत नेऊ नका. मेट्रोच्या तपासणीत धारदार वस्तू अडवतात आणि ते योग्यच आहे.

पाण्याचेही बोलायला हवे. आपल्या भागात कुणाकडे कावेरीचे पाणी, कुणाकडे बोअरवेलचे, कुणाकडे टँकरचे. मार्च २०२४मध्ये टंचाई इतकी होती की पिण्याचे पाणी गाडी धुवायला वापरल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला होता. तेव्हा नळ चालू ठेवून धार लावू नका. गरजही नाही. एक वाटी पाणी शेजारी घ्या आणि बोटाने शिंपडत राहा. पुरे होते. दाढीसाठी मात्र कावेरीचे किंवा फिल्टरचे पेलाभर पाणी वेगळे काढा. बोअरच्या जड पाण्यात साबण फेस धरत नाही. फेस पातळ राहिला की चांगली धारही गाल सोलते आणि दोष उगाच दगडावर जातो.

आता दगडावर बसूया.

वेळ निवांत निवडा. ऑफिसला निघायच्या आधीची नको. मुले झोपलेली किंवा बाहेर गेलेली असू द्या. फोन दुसऱ्या खोलीत. दगडाखाली ओले फडके, म्हणजे तो सरकणार नाही. मागून उजेड येईल असे बसा, नाहीतर टेबलावरचा दिवा घ्या.

वस्तऱ्याची एक सोय लक्षात घ्या. सुरीला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो. इथे नाही. पात्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकली की कोन आपोआप बसतो. पाते बनवणाऱ्याने तो हिशेब आधीच केलेला असतो. तुमचे काम एकच. पाठ उचलू द्यायची नाही.

पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर वायरिंगच्या चिकटपट्टीचा एक थर लावतात. नवशिक्याने लावावी असे मला वाटते, विशेषतः जुन्या, नक्षीच्या पात्याला. पण लावलीत तर शेवटपर्यंत ठेवा. मध्येच काढली की कोन बदलतो. फाटली तर तशीच दुसरी लावा.

सुरुवातीला काळ्या मार्करने धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी शाई लावा. एकदा हलकेच दगडावरून न्या आणि भिंगातून पाहा. दागिने पाहायचे दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळते, ते घ्या. शाई टोकापासून मुठीपर्यंत आणि अगदी कडेपर्यंत पुसली गेली पाहिजे. कुठे राहिली असेल तर तिथे पाते दगडाला लागतच नाही. मार्करची ही साधी युक्ती तासाभराचे आंधळे घासणे वाचवते.

दगडावर दिशा पट्ट्याच्या उलट. इथे धार पुढे, पाठ मागे. दगडावरचा पातळ थर कापून काढायचा आहे अशा रीतीने पाते पुढे न्यायचे. टोकाला पाते पाठीवर पालटा आणि परत या. दोन्ही बाजूंना सारख्याच फेऱ्या. एका बाजूला दहा आणि दुसऱ्याला चार असे केलेत की धार एका अंगाला कलते.

दगड साधारण सात सेंटिमीटर रुंद असतो आणि पाते तेवढेच किंवा थोडे लांब. म्हणून सरळ ढकलून भागत नाही. मुठीकडचा भाग दगडावर ठेवून निघा आणि जाता जाता पाते तिरके आपल्या बाजूला ओढा, म्हणजे पोचताना टोक दगडावर असेल. दोन्ही बाजूंनी अशी तिरकी चाल झाली की दगडावर फुलीसारखी खूण दिसते. पहिले काही दिवस ती वेडीवाकडी येईल. येऊ द्या. गती नको, फक्त सारखेपणा हवा.

दाबाचेही सांगतो. इथेच हात जड पडतो. बारीक दगडावर पात्याचे स्वतःचे वजन पुरे असते. बोटाने दाबले तर पातळ पाते वाकते, धार दगडावरून उचलली जाते, आणि पाठ तेवढी झिजते. मूठ दोन बोटांत हलकी धरा. बोटांची नखे पांढरी पडू लागली तर दाब जास्त आहे.

पंधरा-वीस फेऱ्यांनी थांबा. पुसा. पाहा. धार दिव्याखाली सरळ वर धरून बघा. चांगल्या धारेवर उजेड चमकत नाही, ती काळी रेघ दिसते. कुठे चांदीसारखा ठिपका चमकला तर तिथे धार बोथट आहे किंवा दाता आहे. ठिपके नसतील तर आणखी दहा फेऱ्या, अगदी हलक्या, आणि पट्ट्याकडे जा.

अंगठा धारेवर ओढून बघायची सवय लावू नका. आजोबा बघत असतील. तुम्ही बघू नका. हातावरचे केस त्वचेपासून थोड्या अंतरावर कापले जातात का, ते पाहा. किंवा विंचरलेला एक केस टोकाला धरून धारेवर सोडा. तो सहज कापला गेला तर छान. मात्र अंतिम निकाल गालच देतो.

चिडलात तर थांबा. हात थकला तर थांबा. धार उद्याही लावता येते.

पहिली दाढी करताना फक्त दोन्ही गाल करा. हनुवटी, ओठाच्या वरची जागा आणि गळा पहिले काही आठवडे नेहमीच्या रेझरने उरकून घ्या. आधी गरम पाणी, मग भरपूर फेस. मोकळ्या हाताने कातडी ताणा. पाते गालाशी साधारण तीस अंशांत धरा आणि केसांच्या दिशेने खाली आणा. आडवे कधीही सरकवू नका. सुरीने भाजी चिरतो तशी एक आडवी हालचाल पुरते आणि जखम खोल होते.

कापलेच तर तुरटीचा ओला खडा लावा. छोट्या जखमेला ती पुरते. दहा-पंधरा मिनिटे दाबून धरूनही रक्त थांबले नाही, किंवा जखम उघडी दिसली, तर सरळ दवाखान्यात जा. जुन्या, गंजक्या पात्याने कापले असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, मधुमेहाने जखमा भरत नसतील किंवा हाताला कंप असेल, तर वस्तऱ्याने दाढी करणे तुमचे काम नाही. पट्टा फिरवा, धार लावा, मुलाला शिकवा. दाढी नेहमीच्या रेझरने करा.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. एक वस्तरा, एक माणूस. बाप-लेकांनीही वाटून घेऊ नका. भाऊ-भावांनीही नाही. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस टिकतो. डोळ्याला काही दिसत नाही. पाते पुसले म्हणजे स्वच्छ झाले असे नाही. वापरलेला वस्तरा विकत घेतला असेल तर साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा, आणि पूर्ण धार लावून झाल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. घरात कुणाची हेपटायटिस बीची लस राहिली असेल तर ती घेऊन टाका. तीन डोस असतात.

याच कारणाने सलूनमध्ये आता जुना वस्तरा दिसत नाही. तिथे पाते बदलायचा वस्तरा असतो, अर्धे ब्लेड बसणारा. एड्सबद्दलची जाणीव वाढली तसा हा बदल झाला आणि तो चांगला झाला. खुर्चीत बसल्यावर नवे ब्लेड तुमच्यासमोर फोडायला सांगा. संकोच करू नका. कुठल्याही चांगल्या कारागिराला याचे वाईट वाटत नाही. त्या अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर घरी सराव करायचा असेल तर जपून. ते ब्लेड फार तीव्र आणि कडक असते, खऱ्या वस्तऱ्यापेक्षा चूक कमी माफ करते.

शिकायला माणूस मिळाला तर फार बरे. इथल्या सलूनमधली बहुतेक तरुण मुले ब्लेडच्याच वस्तऱ्यावर शिकलेली आहेत. पण गावी गेलात की एखाद्या थोराड कारागिराकडे जा. कर्नाटकात सविता समाज, आपल्याकडे नाभिक समाज, यांनी ही हातोटी पिढ्यान्‌पिढ्या धोकटीत जपली. संत सेना महाराजांनी याच धंद्यातला आरसा आणि चिमटा अभंगात आणला. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन करायला नकार दिला. वस्तरा केव्हा उचलायचा नाही, हेही त्याच हातांनी दाखवले.

म्हणून त्या कारागिराकडे जाताना 'काका, जरा शिकवता का?' असे नीट विचारा. त्याच्या गिऱ्हाइकाच्या वेळात जाऊ नका, दुपारी जा. शिकवण्याचे पैसे द्या. नको म्हणाले तरी द्या. त्यांचा हात पट्ट्यावर कसा फिरतो ते पाहा. मनगट किती थोडे वळते, ते पाहा. दहा मिनिटे पाहून जे कळते ते वाचून कळत नाही.

वापर झाला की पाते कोमट पाण्याने धुवा. मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. मुठीच्या फटीत पाणी राहते, तिथे कापडाची घडी घाला. थोडा वेळ उघडे वाळू द्या. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दोन्ही अंगांना पुसून घ्या. खोबरेल तेल चालते असे अनेक जण सांगतात, पण ते कालांतराने चिकट होते आणि इथल्या डिसेंबर-जानेवारीत थिजून बसते. शिवणयंत्राचे तेल बरे.

वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. गरम पाण्याची वाफ आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही मिळून आठवड्यात गंज चढवतात.

लहान मुले असतील तर तो कुलपात ठेवा. वरच्या फळीवर नव्हे. मुले खुर्ची लावून चढतात. दगडावर काम करताना दार वाजले तर पाते मिटूनच उठा. उघडा वस्तरा टेबलावर ठेवून कधीही उठू नका. आणि हातातून पडला तर पकडायला जाऊ नका. पडू द्या. पाते मोडले तर दुसरे मिळेल.

सुट्टीत विमानाने गावी जाताना वस्तरा हातातल्या बॅगेत नको. डबीत घालून मोठ्या सामानात द्या.

एवढे करूनही हौस उतरली, किंवा पाते तडकले, तर ते कचऱ्यात तसेच टाकू नका. ब्लेडही तसेच टाकू नका. आपल्या दारातून कचरा नेणाऱ्या पौरकार्मिक महिला तो पुढे हातांनी निवडतात. पाते मिटा. जाड पुठ्ठ्यात गुंडाळा. चिकटपट्टी घट्ट लावा. वरून लाल शाईने, कन्नड लिपीत, 'ब्लेड' असे मोठे लिहा. लिहिता येत नसेल तर वॉचमनकडून किंवा शेजाऱ्यांकडून लिहून घ्या. मग ते पुडके ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता त्यांच्या हातात वेगळे द्या, आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.